‘गो’ कसं वापरायचं: जातो, गेला आणि जाऊन आला

‘गो’ म्हणजे जाणे, हे पहिल्याच इयत्तेत पाठ होतं. तरी ‘आय डिडन्ट वेंट’ आणि ‘गो टू होम’ या दोन चुका मोठेपणीही सुटत नाहीत. त्यांचं मूळ आपल्या मराठी वाक्यात असतं आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा उपायही तिथेच सापडतो.

आधी रूपं: गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा, असं वाटत असेल तर ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ कसा, तेही बघा. ‘जा’ आला संस्कृतच्या ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गम्’ वरून. दोन वेगळ्या धातूंनी एक संसार थाटला. ‘वेंट’ हे तसंच ‘वेंड’ या वेगळ्या जुन्या क्रियापदाचं रूप. त्यामुळे तिथे नियम शोधू नका, सरळ पाठ करा.

आता ‘डिडन्ट वेंट’. मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्ये असतो आणि ‘नाही’ मागून जोडलं जातं. तेच इंग्रजीत उतरवलं की ‘गेलो’चं ‘वेंट’ आणि ‘नाही’चं ‘डिडन्ट’ होतं. पण इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’नेच उचललेला असतो, तो दुसऱ्यांदा दाखवायचा नाही. म्हणून ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’ आणि साधं विधान असेल तर ‘आय वेंट’. ‘डझ’चंही तसंच: ‘ही गोज’, पण ‘डझ ही गो?’ आणि ‘ही डझन्ट गो’.

‘टू’ कुठे लावायचं हा सगळ्यात त्रासाचा भाग, त्यावर थोडं थांबू. मराठी वाक्य मनात म्हणून बघा. ‘ऑफिसला’, ‘शाळेत’, ‘बँकेत’, ‘डॉक्टरांकडे’ असं काही आलं की ‘टू’ लागतं: ‘गो टू द ऑफिस’, ‘गो टू स्कूल’, ‘गो टू द बँक’, ‘गो टू द डॉक्टर’. आणि ‘घरी’, ‘तिथे’, ‘बाहेर’, ‘वर’, ‘परदेशी’ असे ‘ला’, ‘त’ किंवा ‘कडे’ न लागलेले शब्द आले की ‘टू’ गळतं: ‘गो होम’, ‘गो देअर’, ‘गो आउटसाइड’, ‘गो अपस्टेअर्स’, ‘गो अब्रॉड’. हे शब्द दिशा स्वतःच सांगतात. ही खूण आहे, पक्का नियम नाही; ‘गावी’ला ती लागू पडत नाही, तिथे ‘गो टू द व्हिलेज’ असंच म्हणावं लागतं. शिवाय घर कुणाचं ते सांगायचं असेल तर ‘टू’ परत येतं: ‘आय वेंट टू हर हाऊस’.

‘द’चं काय? ‘गो टू स्कूल’, ‘गो टू वर्क’, ‘गो टू बेड’ यांत ‘द’ नाही, कारण तिथे जागेपेक्षा शिकणं, काम, झोप महत्त्वाची. मुलांना न्यायला शाळेच्या इमारतीत गेलात तर मात्र ‘गो टू द स्कूल’.

‘पोहायला जातो’, ‘खरेदीला जातो’ यातला ‘ला’ फसवा आहे. त्याचं ‘टू स्विमिंग’ किंवा ‘फॉर शॉपिंग’ करू नका. ‘गो स्विमिंग’, ‘गो शॉपिंग’, मध्ये काहीच नाही. फिरायला जाणं मात्र ‘गो फॉर अ वॉक’. प्रत्येक कामाला ही रचना चालत नाही: ‘जेवायला जाऊ’ला ‘गो ईटिंग’ नव्हे, ‘लेट्स गो अँड ईट’.

काळांपैकी एक जोडी मराठी माणसाला फुकटात मिळते. ‘ती बँकेत गेलीय’, म्हणजे अजून परतली नाही: ‘शी हॅज गॉन टू द बँक’. ‘ती बँकेत जाऊन आलीय’: ‘शी हॅज बीन टू द बँक’. म्हणून समोर उभं राहून ‘आय हॅव गॉन टू द बँक’ म्हणता येत नाही. तुम्ही तर इथे आहात. आणि ‘काल’, ‘सोमवारी’ असा वेळ सांगितला की ‘हॅज’ सोडा: ‘शी वेंट टू द बँक यस्टरडे’.

‘मी जातो’ रोजचं असेल तर ‘आय गो’. आत्ता निघताना म्हणत असाल तर ‘आय ॲम गोइंग’. ‘गोइंग टू’च्या पुढे जागा आली की जाणं (‘आय ॲम गोइंग टू द स्टेशन’), क्रियापद आलं की ठरवलेलं काम (‘आय ॲम गोइंग टू कॉल हिम’, मी त्याला फोन करणार आहे). बोलताना याचं ‘गॉना’ होतं, पण फक्त पुढे क्रियापद असेल तरच. ‘गॉना द स्टेशन’ असं होत नाही.

काही जाणं चालण्याचं नसतंच. दूध नासलं: ‘द मिल्क हॅज गॉन बॅड’. लाइट गेली: ‘द पॉवर वेंट आउट’, नुसतं ‘लाइट वेंट’ कळत नाही. गजर वाजला: ‘दि अलार्म वेंट ऑफ’. इथे ‘ऑफ’ आहे म्हणून गजर बंद झाला असं समजू नका, तो वाजायला लागला. इंटरव्ह्यू कसा झाला: ‘हाऊ डिड दि इंटरव्ह्यू गो?’

शेवटी ‘येतो’. निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो हं’ म्हणतो. त्याचं ‘आय ॲम कमिंग’ केलंत तर तुम्ही आपल्याकडेच येताय, असं समोरचा समजेल. तिथे ‘आय शुड गो नाऊ’ म्हणा. कुणी हाक मारली आणि आपण जागचे न हलता ‘आलो, आलो’ म्हणालो, तर तिथे खरं ‘कमिंग!’ लागतं, ‘आय केम’ नाही.