राखेच्या थरावरून हवामानाचा काळ ठरवताय? या चुका टाळा

जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठावर, गाळाच्या तपकिरी भिंतीत एक फिकट पांढुरका पट्टा दिसतो. त्यातली चिमूटभर बोटांत चोळली तर रांगोळीसारखी हलकी लागते, पण जरा बोचते. ती काच आहे, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून बंगालचा उपसागर ओलांडून इथवर आलेली. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा सोबतच्या सरांना विचारलं, "सर, किती जुनी?" त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. का, ते नंतर कळलं. या एकाच थराची वयं १४ लाख, ६.७ लाख आणि ७५ हजार वर्षं अशी छापून आलेली आहेत.

राखेचा थर इतका मोलाचा का, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. स्फोट होतो आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, राख हजारो किलोमीटरवर पडून मोकळी होते. तळ्याच्या गाळात, समुद्राच्या तळाशी, ग्रीनलंडच्या बर्फात, सगळीकडे तो एकच क्षण नोंदला जातो. थराच्या खालचे परागकण आणि वरचे परागकण ताडून पाहिले की हवामान कुठे आधी बदललं आणि कुठे नंतर, हे कळतं. थर "हाच तो क्षण" एवढं ठामपणे सांगतो. तो क्षण किती वर्षांपूर्वीचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या मोजमापातून येतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की पुढची सगळी गणितं घसरतात.

ज्वालामुखी ओळखला म्हणजे स्फोट ओळखला, असं मानू नका

बोरीचा गोंधळ नेमका इथला. तोबाचे मोठे स्फोट चार: साधारण १२ लाख, ८ लाख, ५ लाख आणि ७४ हजार वर्षांपूर्वीचे. यांतल्या काहींची काच सिलिका, पोटॅशियम, लोह अशा मुख्य घटकांत इतकी सारखी असते की आलेखावर ठिपके एकमेकांवर बसतात. तेवढ्यावर "तोबा जुळला, म्हणजे ७४ हजारांचा" असं म्हणणं सोपं असतं. दुसऱ्या बाजूला, अर्गॉनच्या पद्धतीने (खनिजातल्या पोटॅशियमपासून काळानुसार साठत गेलेला अर्गॉन वायू मोजून) वय काढताना नदीच्या गाळातले दख्खनच्या बेसॉल्टचे (काळ्या लाव्हा-खडकाचे) कण सॅम्पलमध्ये मिसळण्याचा धोका असतो. तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्याचे मोजके कणही आकडा भलताच फुगवू शकतात.

उपाय कष्टाचा आहे, पण आहे. काचेतलं बेरियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम तपासा, सोबत सापडणाऱ्या काळ्या अभ्रकाचं रसायन पाहा आणि अर्गॉनसाठी एकेक स्फटिक वेगळा मोजा. बोरी आणि कऱ्हाकाठच्या मोरगावच्या राखेवरची अलीकडची मोजमापं सात-आठ लाख वर्षांकडे झुकतात. दोन्ही ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत, त्यामुळे हा फरक नुसता आकड्यांचा नाही. महाराष्ट्रात माणूस कधीपासून वावरतोय, हा प्रश्न त्याला चिकटलेला आहे.

अशीच चूक ग्रीनलंडच्या बर्फातही झाली. तिथल्या इसवी सनापूर्वी १६४५ च्या सुमाराच्या थरातली काच ग्रीसच्या सँटोरिनी बेटाची आहे, असं २००३ मध्ये मांडलं गेलं. पुढच्याच वर्षी दाखवून दिलं गेलं की ती अलास्कातल्या अनियाकचाक ज्वालामुखीची आहे. जुळणी करताना अपेक्षित उत्तर आधीच मनात धरलं, की जवळपास बसणारा आकडाही पुरेसा वाटू लागतो.

थराची जाडी म्हणजे पडलेली राख नव्हे

आंध्रात कर्नूलच्या भागात ज्वालापुरमला तोबाची राख अडीच मीटरच्या आसपास जाड आहे. आकाशातून थेट पडलेली त्यातली जेमतेम काही सेंटिमीटर, तीही अगदी तळाची. बाकीची आजूबाजूच्या उतारांवरून पावसाने धुऊन आणलेली. ही सगळी जाडी हिशेबात धरली तर स्फोटाचा आकार आणि हवामानावरचा परिणाम दोन्ही अवाच्या सवा निघतात. काळासाठी धरायची ती खालची कड. ती रेघेसारखी स्वच्छ असेल तर बरं. खालीही राख विस्कटलेली असेल, तर किडे-गांडुळांनी किंवा मुळांनी ती हलवली आहे असं समजा. डोळ्यांना न दिसणाऱ्या राखेच्या बाबतीत कोअरमधून (गाळात नळी घालून काढलेल्या उभ्या नमुन्यातून) दर सेंटिमीटरला शार्ड, म्हणजे काचेचे सूक्ष्म तुकडे, मोजा आणि संख्या पहिल्यांदा जिथे झपकन वाढते ती पातळी घ्या. सर्वांत जास्त शार्ड जिथे आहेत ती पातळी घेण्याचा मोह होतो. मी स्वतः एकदा तसंच केलं आणि सगळा आलेख पुन्हा काढावा लागला.

प्रयोगशाळेत होणारं नुकसान

गाळातला सेंद्रिय भाग जाळायला सॅम्पल साधारण ५५० अंशांवर भाजतात. राख आहे की नाही एवढं पाहायला ते ठीक. पण जी काच रासायनिक तपासणीला पाठवायची, ती भट्टीत घालू नका, तिचं रसायन बदलू शकतं. डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं) घालवायला तीव्र अल्कली वापराल तर काचही झिजेल.

मग येतं जड द्रव, ज्यात हलके कण तरंगतात आणि जड बुडतात. घनता २.३ ते २.५ मधला भाग ठेवायचा, बाकीचा टाकायचा, हे सगळे शिकतात. या रिवाजात बेसॉल्टी काच, जी २.५ पेक्षा जड असते, क्वार्ट्झबरोबर बेसिनमध्ये जाते. आइसलंडच्या कितीतरी राखा बेसॉल्टी आहेत. जड भाग टाकण्याआधी निदान एक स्लाइड बनवून पाहा.

स्लाइड पाहतानाही फसगत होते. सूक्ष्मदर्शकाचे ध्रुवक (प्रकाशाची दिशा गाळणाऱ्या पट्ट्या) एकमेकांना आडवे केले की क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार उजळतात, काच काळी पडते. पण डायटम आणि गवतातले सिलिकाचे कणही काळेच पडतात. म्हणून ध्रुवक काढून आकार बघा: फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींची वळणं, तीन फांद्यांचे कोपरे, काचेच्या आत अडकलेले लांबट बुडबुडे. एकदा डोळा बसला की चुकत नाही. तोवर शंकास्पद कण वेगळे मोजा.

मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या शलाकेने कणाचं रसायन मोजणाऱ्या यंत्रावर) सोडियम इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने पळतो. शलाका रुंद, प्रवाह कमी आणि सोडियम सर्वांत आधी मोजणं, ही तिन्ही पथ्यं पाळा.

वर्षांचा हिशेब कुठून सुरू होतो ते पाहा

आइसलंडच्या 'वेडे' नावाच्या राखेचं वय ग्रीनलंडच्या बर्फावरून १२,१७१ वर्षं दिलं जातं. ते सन २००० पासून मागे मोजलेलं. कार्बनच्या तारखा १९५० पासून मोजतात, त्या हिशेबाने हेच १२,१२१ होतं. पन्नास वर्षांचा "हवामानबदल" केवळ तक्त्यात उभा राहतो. जुन्या शोधनिबंधांत याच राखेचं वय १०,३०० च्या आसपास दिसतं. ते कॅलिब्रेट न केलेलं, म्हणजे खऱ्या वर्षांत न बदललेलं, कार्बन-वय आहे, दोन्ही एका स्तंभात लिहू नका.

आता जर्मनीतल्या लाखर झे स्फोटाचं उदाहरण, कारण यात सगळं आहे. तळ्यातले वार्षिक थर मोजून तो १२,८८० वर्षांपूर्वीचा मानला जात होता आणि त्याच तळ्यांत यंगर ड्रायसची (हिमयुगाच्या शेवटी अचानक परतलेल्या थंड काळाची) थंडी १२,६७९ ला सुरू झालेली दिसत होती. ग्रीनलंडमध्ये मात्र ती १२,८४६ ला. म्हणजे मध्य युरोपात थंडी सुमारे १७० वर्षं उशिरा पोहोचली, असा निष्कर्ष निघाला आणि तो समजावायला वारे नि सागरी बर्फाची स्पष्टीकरणं मांडली गेली. २०२१ मध्ये राखेत गाडल्या गेलेल्या झाडांच्या वलयांच्या कार्बन-मोजणीवरून स्फोटाची तारीख १३,००६ आली. सगळा हिशेब सव्वाशे वर्षांहून जास्त मागे सरकला आणि तो उशीर जवळपास विरून गेला. २०२३ मध्ये त्यावर आक्षेप आला, की ज्वालामुखीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेतला असेल तर त्यांचं कार्बन-वय खऱ्यापेक्षा जास्त दिसेल.

या सगळ्या ओढाताणीत राख ते थंडी यांमधले सुमारे २०० वार्षिक थर जसेच्या तसे राहिले. म्हणून अहवालात दोन आकडे वेगळे द्या: राखेपासूनचं अंतर, आणि राखेचं वय. दुसरा उद्या बदलला तरी पहिला तुमच्या नावावर टिकतो.

राखेनंतर घडलं, म्हणून राखेमुळे घडलं?

तोबामुळे जगभर ज्वालामुखी-हिवाळा पडला, असं फार ठासून सांगितलं जातं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात तोबाचे सूक्ष्म शार्ड सापडले, तेव्हा २०१३ मध्ये ते थेट तपासता आलं. त्या पातळीला तळ्यात लक्षणीय थंडीची खूण दिसली नाही. तुमच्या कोअरमध्ये राख आणि थंडी लागोपाठ आली असेल, तर राखेच्या खालचे काही सेंटिमीटरही तितक्याच बारकाईने मोजा. बदल आधीच सुरू झाला होता का, ते तिथेच दिसेल.