मुलांसह इंग्लंडला जाताना घर आणि शाळा ठरवण्यातल्या या चुका टाळा

नोकरीचे पत्र हाती पडले आणि व्हिसाची कागदपत्रे मार्गी लागली की पुण्या-मुंबईतल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, ‘तिथे चांगली शाळा कोणती?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण इंग्लंडच्या सरकारी शाळांच्या बाबतीत तो चुकीच्या टोकाने विचारलेला असतो. आपल्याकडे पालक शाळा पसंत करतात, शुल्क भरतात, शाळेची बस सोसायटीच्या फाटकाशी येते आणि घर कोणत्या उपनगरात आहे याने सहसा प्रवेश अडत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेला शुल्क नाही. तिथे पत्ता लागतो, आणि पत्ता असला तरी मुलाच्या इयत्तेत जागा रिकामी असेलच अशी हमी कोणी देत नाही. पालक कायद्याने फक्त पसंती नोंदवतात, निर्णय प्रवेशाच्या निकषांवर होतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे पुढचे सारे फक्त इंग्लंडपुरते समजावे.

जागा आहे का, हे न विचारता भाडेकरार करणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. शाळेचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, पण कुटुंबांचे व्हिसे काही ऑगस्टचा मुहूर्त पाहून येत नाहीत. नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत पोचलेल्या मुलासाठी वर्षाच्या मधला प्रवेश घ्यावा लागतो, आणि तोवर नावाजलेल्या शाळांतले वर्ग भरलेले असतात. रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरी या वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. त्यामुळे शाळा घरासमोर असली तरी मुख्याध्यापक एकतिसावे मूल सहसा घेऊ शकत नाहीत, आणि या वर्गांसाठी केलेली अपिले क्वचितच मान्य होतात.

म्हणून घर पाहण्याआधी दोन-तीन भाग निवडावेत आणि तिथल्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, प्रवेश विभागाला मुलांच्या जन्मतारखा कळवून कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेत जागा आहेत, हे ईमेलने विचारावे. ही माहिती मागणाऱ्याला देणे काउन्सिलवर बंधनकारक आहे. काही काउन्सिल सर्व शाळांचे मधल्या वर्षाचे अर्ज स्वतः हाताळतात, तर काही ठिकाणी, विशेषतः काउन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या, अकादमी म्हणवणाऱ्या सरकारी शाळांत, अर्ज थेट शाळेकडे करावा लागतो. हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. निर्णय शक्यतो शाळेच्या १० आणि जास्तीत जास्त १५ कामकाजाच्या दिवसांत कळवावा, असा नियम आहे. आज रिकामी असलेली जागा महिन्याभराने राहीलच असे नाही, त्यामुळे भाडेकरारावर सही करण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारणे शहाणपणाचे. लेटिंग एजंट ‘हे घर अमक्या शाळेच्या हद्दीत येते’ असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो. त्याला घर भाड्याने द्यायचे असते, एवढे ध्यानात ठेवून ते ऐकावे.

अंतराचा आकडा कायमचा मानणे

बहुतेक सरकारी शाळांत आधी काउन्सिलच्या देखरेखीखालची मुले, मग साधारणपणे शाळेत आधीच शिकणाऱ्यांची भावंडे आणि मग घराचे अंतर, असा क्रम असतो. धर्मसंस्थांशी निगडित शाळांत अनेकदा श्रद्धेचा निकष आणि त्याचा स्वतंत्र अर्जही असतो. मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर थांबला, हे अनेक काउन्सिल मैलाच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जाहीर करतात. ०.४१२ असा आकडा पाहून पालक नकाशावर वर्तुळ काढतात आणि त्याच्या अगदी कडेवरचे घर घेतात. पुढच्या वर्षी भावंडांची संख्या वाढली की तोच आकडा ०.३ वर येतो आणि वर्तुळ घराला सोडून जाते. एकाच वर्षाचा आकडा न पाहता तीन-चार वर्षांचे आकडे काढावेत, त्यांतल्या सर्वांत लहान आकड्याच्या बरेच आत राहावे, आणि अंतर सरळ रेषेत मोजतात की चालण्याच्या रस्त्याने, हेही पाहावे. मध्ये रेल्वेमार्ग किंवा नदी असली की या दोहोंत मोठा फरक पडतो.

याच चुकीचे भावंड म्हणजे तात्पुरत्या पत्त्यावर विसंबणे. कंपनीने दिलेले महिन्याभराचे सर्व्हिस अपार्टमेंट किंवा मित्राचे घर हा पत्ता म्हणून बहुधा स्वीकारला जात नाही. सहसा भाडेकरार आणि काउन्सिल टॅक्सचे बिल मागितले जाते. भारतात बसून अर्ज करता येतो का आणि तेव्हा कोणता पत्ता धरतात, याबाबत प्रत्येक काउन्सिलचे नियम वेगळे असल्यामुळे ते आधी वाचावेत. खोटा पत्ता दिल्याचे आढळल्यास मिळालेली जागा काढून घेतली जाते, आणि अशा तपासण्या तिथे खरोखर होतात.

मिळालेली जागा नाकारणे

काउन्सिलने देऊ केलेली शाळा मनासारखी नसली की काही पालक ‘हो म्हटले तर आपण यातच अडकू’ या समजुतीने ती नाकारतात. ही समजूत चुकीची आहे. एका शाळेतली जागा स्वीकारल्याने दुसऱ्या शाळेच्या प्रतीक्षा यादीतला क्रम बिघडत नाही आणि अपिलाचा हक्कही जात नाही. नाकारले तर मात्र मूल घरी बसते आणि काउन्सिल लगेच दुसरी जागा शोधून देईल याची खात्री उरत नाही. प्रतीक्षा यादी अर्जाच्या तारखेवर चालत नाही, निकषांवर चालते. त्यामुळे काल आलेले कुटुंब तुमच्यापेक्षा जवळ राहत असेल तर ते वर जाते आणि तुम्ही एक पायरी खाली येता. नव्याने येणाऱ्यांना हा नियम फायद्याचाही ठरतो.

रिसेप्शन आणि सातवी (जिथून माध्यमिक शाळा सुरू होते) यांच्या नियमित फेरीत पसंतीक्रम भरताना एकाच शाळेचे नाव लिहून बाकीच्या ओळी रिकाम्या सोडणारे पालकही भेटतात. त्यामुळे त्या शाळेवर कसलाही दबाव येत नाही, कारण तुम्ही तिला कितव्या क्रमांकावर ठेवले आहे हे शाळेला कळतच नाही. किमान तीन पसंती देता येतात, लंडनमध्ये सहा. त्या सर्व भराव्यात आणि त्यांत प्रवेश जवळजवळ नक्की मिळेल अशी एक शाळा असावी. सातवीच्या अर्जाची मुदत आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर आणि रिसेप्शनची १५ जानेवारी. त्यानंतर आलेला अर्ज वेळेवर आलेल्यांच्या मागे जातो.

इयत्तेचे गणित चुकणे

इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत पूर्ण झालेल्या वयावरून इयत्ता ठरते: चार वर्षे पूर्ण म्हणजे रिसेप्शन, पाच म्हणजे पहिली. आपल्याकडे सहा वर्षांचे मूल पहिलीत जाते, म्हणून ‘तिथे एक इयत्ता पुढे’ असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. तो सर्वांना लागू पडत नाही. ज्या शाळांनी वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरलेली असते, तिथली सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले तिकडे त्याच क्रमांकाच्या इयत्तेत बसतात. ऑगस्ट २०१९ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेली दोन मुले इथे दुसरीच्या एकाच बाकावर बसत असतील, तर सप्टेंबर २०२६ मध्ये तिकडे पहिले तिसरीत आणि दुसरे दुसरीत जाईल. जागेची चौकशी चुकीच्या इयत्तेसाठी केली की पुढचे सगळेच निरर्थक ठरते. मुलाचे इंग्रजी कच्चे आहे म्हणून त्याला एक वर्ष मागे बसवावे, ही विनंती सहसा मान्य होत नाही आणि त्याची गरजही नसते. प्राथमिक वयाची मुले वर्गात बसूनच भाषा उचलतात.

थोरल्या मुलांच्या बाबतीत मात्र हा हिशेब गंभीर होतो. तिकडची दहावी आणि अकरावी ही दोन वर्षे मिळून जीसीएसई या, आपल्या दहावीच्या बोर्डासारख्या, परीक्षेचा अभ्यासक्रम असतो. मध्येच पोचलेल्या मुलाला जागा मिळाली तरी हवे ते ऐच्छिक विषय मिळतीलच असे नाही, आणि इंग्रजी साहित्यातल्या नेमलेल्या पुस्तकांपैकी निम्मी शिकवून झालेली असतात. माझ्या मते मूल आठवी-नववीत असेल तर तिकडची दहावी सुरू होण्यापूर्वी न्यावे, नाहीतर इकडची बोर्डाची परीक्षा देऊन मग सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे तिकडच्या बारावी-तेरावीच्या वर्गांत, घालावे. त्या दोहोंच्या मधला काळ टाळावा, त्यासाठी आई किंवा वडील काही महिने मागे राहिले तरी चालेल. यातही पुन्हा जन्मतारीख पाहावी, कारण इथे दहावी उत्तीर्ण झालेले पण ३१ ऑगस्टला अजून पंधरा वर्षांचेच असलेले मूल वयानुसार तिकडच्या अकरावीत मोडते.

एका शब्दाच्या शेऱ्यावर भाग निवडणे

ऑफस्टेड ही तपासणी संस्था पूर्वी शाळेला ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’ असा एका शब्दाचा शेरा देत असे. सरकारी शाळांसाठी तो सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या अंगांचे मूल्यमापन दाखवणारी प्रगतिपत्रके सुरू झाली. जुने शेरे तरीही जाहिरातींत आणि मित्रांच्या सल्ल्यांत फिरत राहतात. २०१२ ते २०२० या काळात ‘उत्कृष्ट’ शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही शेरे दशकभर जुन्या शाळेचे वर्णन करत होते. अहवालाची तारीख आधी पाहावी, अहवाल पूर्ण वाचावा आणि जमल्यास शाळा चालू असताना एकदा आत फिरून यावे.

ग्रामर शाळांचे, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन सातवीसाठी मुले निवडणाऱ्या शाळांचे, आकर्षण हा मराठी पालकांचा खास विषय. इंग्लंडमध्ये अशा १६३ सरकारी शाळा आहेत. स्लाउ, बकिंगहॅमशर, केंट आणि लंडनमधील सटन, किंग्स्टन ही ठिकाणे त्यामुळेच परिचित झाली. परीक्षेची नोंदणी पाचवीच्या उन्हाळ्यात होते आणि परीक्षा सहावीच्या आरंभी. सहावीच्या मध्यावर पोचलेल्या कुटुंबाने केवळ ग्रामर शाळेसाठी अशा भागात चढे भाडे देण्यात फारसा अर्थ नसतो. परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेक शाळांत पुढे अंतराचा निकष लागतो, आणि मूल निवडले गेले नाही तर त्याच भागातली दुसरी शाळा कशी आहे, हा प्रश्न बहुतेकांनी विचारलेलाच नसतो.

सकाळचा पाऊण तास न पाहणे

दोन मुलांना दोन वेगळ्या शाळा मिळणे हे मधल्या वर्षाच्या प्रवेशात नेहमीचेच आहे. दोन्ही शाळांची दारे साधारण पावणेनऊच्या सुमाराला उघडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद होतात. लहान मुलांना मोठ्या माणसानेच सोडायचे असते आणि शाळेची बस बहुधा नसतेच. पहिल्या फाटकापासून दुसऱ्यापर्यंत वीस मिनिटे चालावे लागत असेल तर एक मूल रोज उशिरा पोचते आणि ती नोंद हजेरीत जाते. दुपारी सव्वातीनच्या आसपास हाच प्रकार उलट्या दिशेने होतो, तेव्हा दोघेही नोकरी करणारे पालक शाळेपूर्वीच्या आणि शाळेनंतरच्या क्लबांकडे वळतात आणि तिथेही प्रतीक्षा यादी असते. घराच्या पत्त्यापासून दोन्ही शाळा, स्टेशन आणि पुन्हा घर, हा फेरा सकाळच्या वेळेचा म्हणून नकाशावर आधी काढून पाहावा. मला विचाराल तर, दोन्ही मुलांना एकत्र घेणारी साधारण शाळा ही एकालाच घेणाऱ्या नामांकित शाळेपेक्षा पहिल्या वर्षी सरस ठरते.

वस्ती निवडताना ‘आपली माणसे कुठे आहेत’ हे पाहण्यात गैर काही नाही. हॅरो, हन्स्लो, स्लाउ या भागांत किराणा, मंदिर आणि ओळखीचे आवाज मिळतात. पण केवळ त्यासाठी जागा नसलेल्या शाळांच्या भागात राहू नये. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून चालू आहे आणि त्याच्या कार्यक्रमांना लोक दूरदूरहून येतात. गणपतीला तासभराचा प्रवास चालतो, रोजच्या शाळेला चालत नाही.

शाळेच्या दिवसांत भारतात जाणे

शाळा मिळाल्यानंतरची ही चूक. चुलत भावाचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असते आणि स्वस्त तिकिटेही तेव्हाचीच. परवानगीविना शाळेचे पाच दिवस बुडले की दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड आणि त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड आहे, तोही प्रत्येक पालकामागे आणि प्रत्येक मुलामागे. दोन पालक आणि दोन मुले म्हणजे किमान ३२० पौंड. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसरा दंड झाला तर सवलतीचा दर मिळत नाही. मुक्काम आणखी लांबला आणि सलग २० शाळेच्या दिवसांची विनापरवाना गैरहजेरी झाली, तर ठराविक चौकशीनंतर मुलाचे नाव पटावरून कमी होऊ शकते आणि मोठ्या खटपटीने मिळालेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. लग्नाची तारीख ठरवणारे काका असतील तर त्यांना ऑक्टोबरची, फेब्रुवारीची आणि मेची आठवड्याची सुट्टी, नाताळ-ईस्टरच्या सुट्ट्या आणि जुलैच्या उत्तरार्धापासूनचे सहा आठवडे, एवढे वेळापत्रक सप्टेंबरातच पाठवून ठेवावे.