सी ड्राइव्ह भरला म्हणून पेजफाइल शून्य करताय? या चुका टाळा

‘धिस पीसी’ उघडल्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसली, की समजायचं दहा टक्क्यांहून कमी जागा उरली आहे. २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, ऑफिस, टॅली आणि मोबाइलमधून उतरवलेले फोटो एवढ्यातच ही वेळ येते. मग कोणीतरी सुचवतं, ‘व्हर्च्युअल मेमरी बंद कर, जागाच जागा.’ जागा होते खरी, पण जीएसटी भरायच्या दिवशी एक्सेल मध्येच बंद पडतं आणि दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

सी ड्राइव्हच्या मुळाशी दोन मोठ्या फायली लपलेल्या असतात. हायबरफिल.सिस ही हायबरनेशनची. मशीन हायबरनेट करताना, म्हणजे उघडं काम जपून पूर्ण बंद करताना, रॅममधलं सगळं काम तिच्यात लिहून ठेवलं जातं. दुसरी पेजफाइल.सिस, म्हणजेच व्हर्च्युअल मेमरी. रॅम अपुरी पडली की विंडोज तिचा आधार घेतं. पहिली लहान करणं किंवा काढून टाकणं पुष्कळांना परवडतं, दुसरी शून्य करणं जवळजवळ कोणालाच परवडत नाही. लोक मात्र नेमकं उलट करतात.

न मोजता कापाकापी

आधी आकडे बघा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, ‘शो मोअर कॅटेगरीज’ आणि त्यात ‘सिस्टम अँड रिझर्व्ह्ड’ उघडलं की हायबरनेशन फाइल आणि व्हर्च्युअल मेमरी किती जागा खातात ते वेगवेगळं दिसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये हायबरनेशनची फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के असते: ८ जीबी रॅमला ३.२ जीबी, १६ ला ६.४, ३२ ला १२.८. दोन्ही मिळून सहा-सात जीबी भरत असतील आणि डाउनलोड्समध्ये चाळीस जीबी पडून असतील, तर आधी डाउनलोड्स आवरा.

हायबरनेशनची फाइल हाताने उडवणे

विंडोज चालू असताना ती डिलीट होत नाही, कारण ती वापरात असते. काही जण लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून ती उडवतात. मशीन त्या वेळी हायबरनेट केलेलं असेल तर उघडी ठेवलेली, सेव्ह न केलेली कामं त्या फाइलसोबतच जातात. योग्य मार्ग एका ओळीचा आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत ही कमांड द्या:

पॉवरसीएफजी /एच ऑफ (powercfg /h off)

फाइल लगेच जाते, रीस्टार्टचीही गरज नाही. परत हवी असेल तर ऑफच्या जागी ऑन लिहा. परवानगी नसल्याचा संदेश आला तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली नाही, एवढंच.

इथे आणखी एक गैरसमज होतो. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढली की जागा सुटेल असं वाटतं. त्याने एक एमबीही सुटत नाही. फास्ट स्टार्टअप म्हणजे शटडाउन करताना विंडोजचा गाभा जपून ठेवून पुढच्या वेळी मशीन चटकन सुरू करणारी सोय. ती फक्त ती फाइल वापरते. ते बंद केलं तरी फाइल आहे तेवढीच राहते.

गरज असताना हायबरनेशन बंद करणे

ऑफ केल्यावर फास्ट स्टार्टअप, हायबरनेट आणि डेस्कटॉपवरची हायब्रिड स्लीप ही तिन्ही जातात. मशीन एसएसडीवर असेल तर सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात. जुन्या हार्ड डिस्कवर फरक चांगलाच जाणवतो.

हायब्रिड स्लीपचं महत्त्व नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो, घरोघरी कूलर आणि एसी सुरू असतात आणि भर दुपारी लाइन जाते. साध्या स्लीपमधल्या डेस्कटॉपचं काम फक्त रॅममध्ये असतं, लाइन गेली की तेही गेलं. हायब्रिड स्लीपमध्ये तेच काम डिस्कवरही लिहिलेलं असतं, लाइन आली की उघड्या फायलींसकट परत मिळतं. इतवारीतल्या दुकानात बिलिंगचं मशीन जेवणाच्या वेळी स्लीपवर ठेवायची पद्धत असेल, तर सहा जीबीसाठी हे संरक्षण घालवू नये.

यूपीएस यूएसबी केबलने जोडता येत असेल तर विंडोज बहुधा त्याला बॅटरी समजतं. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन’ला हायबरनेट निवडलं, की यूपीएस संपत आल्यावर मशीन काम जपून स्वतःहून बंद होतं. हायबरनेशन काढलं की हा पर्यायच यादीतून गायब होतो.

लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्यांनीही विचार करावा. झाकण बंद करून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि बर्डीहून हिंगणा रोडच्या कॉलेजपर्यंत भर उन्हात गाडीवर नेला, तर स्लीपमधलं मशीन बॅगेतच जागं होऊन तापू शकतं. नव्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे पूर्ण झोप नसतेच. हायबरनेटमध्ये मशीन खरोखर बंद असतं. अशांनी पूर्ण आकाराची फाइल राहू द्यावी.

विंडोजसोबत लिनक्स टाकलेल्यांनी मात्र ऑफच करावं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचं पार्टिशन पुरतं बंद झालेलं नसतं, लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि जबरदस्तीने लिहायला गेलं तर फायली खराब होतात.

हायबरनेट कधी वापरत नाही पण मशीन चटकन सुरू व्हायला हवं, अशांसाठी मधला रस्ता आहे:

पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड

फाइल रॅमच्या ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येते. फास्ट स्टार्टअप राहतं, हायबरनेट जातं. ‘द पॅरामीटर इज इनकरेक्ट’ असं उत्तर आलं तर आधी कोणीतरी आकार हाताने ठरवलेला असतो. तेव्हा आधी ‘पॉवरसीएफजी /एच /साइझ ०’ द्या, मग वरची कमांड पुन्हा चालवा.

‘१६ जीबी रॅम आहे, पेजफाइल कशाला?’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा ती लगेच वापरतोच असं नाही, पण विंडोजला तेवढ्या मेमरीची हमी द्यावी लागते. या हमीची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, ‘कमिटेड’खाली ११.२/१८.४ असे दोन आकडे दिसतील. डावीकडे दिलेली हमी, उजवीकडे मर्यादा. पेजफाइल शून्य केली की उजवा आकडा रॅमएवढाच उरतो. तो गाठला की ब्राउझरचे टॅब कोसळतात, ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ असा इशारा येतो, प्रोग्रॅम काही न सांगता बंद होतात. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये दोन-तीन जीबी रॅम मोकळी दिसते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. खात्री करायची तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टम इथे २००४ क्रमांकाची नोंद शोधा. कोणत्या प्रोग्रॅमने सर्वाधिक मेमरी मागितली होती, त्यांची नावं तिथे असतात.

दुसरं टोक म्हणजे ‘रॅमच्या दीडपट’ हा नियम. तो रॅम एमबीत मोजायच्या काळातला. आज ३२ जीबीच्या मशीनवर तो पाळला तर ४८ जीबी जागा अडकेल.

बहुतेकांनी हा आकार विंडोजवरच सोडावा. फाइल फुगलेली दिसली तर आधी मशीन रीस्टार्ट करून पुन्हा मोजा. रीस्टार्टच, शटडाउन नव्हे: फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनने विंडोज नव्याने सुरू होत नाही. तरीही फाइल मोठीच राहत असेल तर हाताने ठरवा. महिन्यातल्या सगळ्यात जड कामाच्या दिवशी, सगळं उघडं असताना कमिटेडचा डावा आकडा टिपून ठेवा. ८ जीबी रॅमवर तो ११ पर्यंत जात असेल तर पेजफाइल किमान ३ जीबी हवीच. वर मोकळीक धरून सुरुवातीचा आकार ४०९६ आणि कमाल ६१४४ ठेवा.

विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘सिसडीएम.सीपीएल’ (sysdm.cpl) लिहा. अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड आणि व्हर्च्युअल मेमरीखालचं चेंज. सर्वांत वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण काढा, सी निवडा, ‘कस्टम साइझ’मध्ये आकडे भरा. आकडे एमबीत असतात. त्यानंतर ‘सेट’ दाबायलाच हवं. थेट ओके केलं तर बदल लागू होत नाही, आणि ‘केलं तरी जागा सुटत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं. शेवटी रीस्टार्ट.

पेजफाइल दुसरीकडे हलवणे

डी हा त्याच एसएसडीचा भाग असेल तर हलवायला हरकत नाही, वेगात फरक पडत नाही. डी ही वेगळी, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅम भरताच मशीन रेंगाळेल. पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कचा विचारही नको. हलवताना सीवर किमान १०२४ एमबी राहू द्या आणि ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा. नाहीतर निळी स्क्रीन आली तर कारण शोधायला नोंद सापडणार नाही.

रजिस्ट्रीत ‘क्लिअर पेजफाइल अ‍ॅट शटडाउन’ सुरू करायचा सल्लाही फिरत असतो. त्याने फाइलमधला मजकूर पुसला जातो, आकार तेवढाच राहतो. जागा मिळत नाही, उलट मशीन बंद व्हायला जास्त वेळ लागतो.

बदलानंतर लॉगिन करताच ‘विंडोजने तात्पुरती पेजिंग फाइल तयार केली’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर ठरवलेल्या जागी फाइल बनू शकलेली नाही: त्या ड्राइव्हचं अक्षर बदललं असेल किंवा तिथे जागाच नसेल. तीच खिडकी उघडा, ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण परत लावा, रीस्टार्ट करा आणि ड्राइव्ह तपासूनच पुन्हा आकडे भरा.