निहोंगा करताना या चुका टाळा: रंगाआधी सरस तपासा

चित्र वाळलं, सहज बोट फिरवलं आणि बोटाला निळी पूड लागली, की आपण लगेच म्हणतो, "रंगच भिकार निघाला." निहोंगात, म्हणजे जपानी पारंपरिक चित्रपद्धतीत, रंग बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. खोट सरसात असते.

हे रंग म्हणजे नुसती दळलेली खनिजं. निळा अ‍ॅझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा. त्यांना स्वतःचा चिकटपणा नाही; कातड्या-हाडांपासून केलेला सरस, म्हणजे निकावा, त्यांना कागदावर धरून ठेवतो. पूड सुटतेय? सरस कमी पडला. चिरा जाऊन पापुद्रे उठतायत? बहुधा जास्त झाला.

खरी गडबड होते ती सरस करताना. कांड्या रात्रभर गार पाण्यात भिजू द्या, 100 मिली पाण्याला साधारण 10 ग्रॅम. सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून हळूहळू विरघळवा. उकळी मात्र आणू नका, चिकटपणा मरतो. मी पहिल्यांदा चहासारखा खळखळून उकळला होता. दिसायला मधासारखा सुंदर! आठवड्याने दुसरा हात द्यायला गेले, तर ओला ब्रश टेकताच पानांवरचा सगळा हिरवा सुटून आला. तयार सरस फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो बाहेर राहिला, तर नाकच सांगेल. बशीत गोठला तर बशी कोमट करा, वरून पाणी ओतू नका.

गोफुन हा कालवांच्या शिंपल्यांचा पांढरा रंग. याला कंटाळून चालत नाही. खलात अगदी बारीक घोटा, थोडाथोडा सरस घालत कणकेसारखा गोळा मळा आणि तो बशीवर आपटत राहा. शंभर वेळा, असं शिकवतात. मग कोमट पाणी घालून बोटाने विरघळवा. ओला गोफुन फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. नवशिके इथेच फसतात. फिका वाटला म्हणून जाड थर देतात आणि दुसऱ्या दिवशी भेगा मोजत बसतात. पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुढचा.

रंगाच्या डबीवरचे आकडे छटेचे नसून दाण्याचे असतात. 5 नंबर जाडसर आणि गडद, 13 बारीक आणि फिका, दगड तोच. टोकियोच्या नेझू संग्रहालयात जुने जपानी चित्रकार ओगाता कोरिन यांचे आयरिसच्या फुलांचे घडीचे, रंगवलेले पडदे आहेत, त्यांतला गर्द निळा अ‍ॅझुराइटचाच. जाड आणि बारीक दाणा एकाच बशीत कालवलात, तर जाड तळाशी बसतो आणि ब्रशला नुसता फिका लागतो. एकावर एक थर द्या. कागद आडवाच ठेवा, उभ्या कागदावरून जाड दाणे ओघळतात.

शाई फुटली तर कागदाला दोसा नीट लागलेला नाही. दोसा म्हणजे पातळ सरस आणि थोडी तुरटी. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. शोषला गेला तर आणखी एक हात द्या. तुरटी वाढवायचा मोह टाळा, जास्त तुरटीने कागद पुढे ठिसूळ होतो.

रंग बोटाने कालवायची निहोंगातली रीत आहे, पण खऱ्या हिंगुळात, म्हणजे लाल खनिज रंगात, पारा असतो. त्याला हातमोजे घाला आणि कोरडी पूड उडू देऊ नका.

बशीत उरलेला महागाचा निळा फेकू नका. गरम पाणी घालून ढवळा, दाणे तळाशी बसले की वरचं सरसाचं पाणी ओतून द्या. दोन-तीनदा असं केलं की निळा पुन्हा डबीत भरता येतो.