टोकियोच्या गाडीत पिशवी विसरलात तर

आमच्या रामबागेतल्या भिशीतल्या तिघी मार्चअखेरीला जपानला निघाल्यात, साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला. सोबत काय न्यायचं, म्हणून मला विचारत होत्या. म्हटलं, ते यूट्यूबवर बघा. वस्तू हरवली तर काय करायचं ते मला विचारा, त्यात माझा हात धरणारं इंदुरात कोणी नाही.

सुनेच्या डोहाळजेवणाला आम्ही दोघं टोकियोला गेलो होतो. यामानोते लाईनवर उएनोला उतरलो, दार लागलं आणि माझ्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात मोकळे आहेत. पिशवी वरच्या फळीवर! जुन्या महेश्वरीची, मीच शिवलेली. आत माझा पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड आणि सुनेला द्यायचा आजेसासूबाईंचा तन्मणी. मुलाच्या घरी एकटा ठेवायला जीव धजेना, म्हणून बरोबर घेऊन हिंडत होते. यावर हसून झालं असेल तर पुढे वाचा.

हे म्हणाले, चल, मागची गाडी पकडू. ते कधीच करू नका. मग म्हणाले, इथेच थांबू, गाडी गोल फिरून येईल. यामानोतेची 30 स्टेशनं, पूर्ण फेरी साधारण तासाभराची, त्यामुळे म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण नुसतं थांबण्यात तास जातो आणि नोंद कुठेच होत नाही. त्याऐवजी आधी पायाखाली बघा. फलाटाच्या जमिनीवर डब्याचा आणि दाराचा नंबर लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढा, घड्याळ बघा, गाडी कुठल्या दिशेची होती ते आठवा आणि मग स्टेशनच्या माणसाला गाठा. त्याला नेमकं हेच हवं असतं. ‘वासुरेमोनो’ एवढा एक शब्द पाठ करून जा, म्हणजे विसरलेली वस्तू. बाकीचं मोबाईलवरचं भाषांतर सांभाळून घेतं.

पुढचा प्रश्न, पिशवी कशी होती? मी म्हटलं, लाल. अहो, लाल पिशव्या टोकियोत काय कमी आहेत? त्यानं शांतपणे विचारलं, केवढी, चेन की बटण, आत काय काय? दागिना सांगताना माझी तारांबळ उडाली. तन्मणी जपान्याला कसा समजावणार? शेवटी डोहाळजेवणाचा फोटो दाखवला, त्यात माझ्याच गळ्यात होता. म्हणून सांगते, निघायच्या आधी प्रत्येक मौल्यवान वस्तूचा आणि पिशवीचा, आतल्या सामानासकट, फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. फालतू वाटणाऱ्या वस्तूही सांगा. माझ्या पिशवीत लसणाच्या शेवेची पुडी होती, ती मी लाजून सांगणारच नव्हते. ह्यांनी सांगितली.

तिथून लगेच कोबान, म्हणजे पोलिसांची छोटी चौकी. तिथे हरवल्याची नोंद होते आणि एक नंबर मिळतो. तो जपा. विम्यासाठी किंवा दूतावासासाठी लेखी दाखला लागणार असेल तर तो वेगळा मागून घ्या. भारतीय दूतावास कुदानशिताला आहे.

पासपोर्टचं मात्र जरा विचारानं. पोलिसांत नोंद त्याच तासाला, दूतावासाला फोन त्याच दिवशी. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: हरवला म्हणून पासपोर्ट एकदा रद्द झाला की नंतर सापडूनही त्याचा उपयोग नाही आणि आतला व्हिसाही हातचा जातो. विमान परवा असेल तर इलाजच नाही, इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्या. ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. आम्हाला निघायला अजून तीन आठवडे होते. आम्ही दूतावासाला विचारूनच चार दिवस कळ काढली. ते चार दिवस मी जेवले की नाही, आठवत नाही.

कार्ड बंद करताना वेगळीच गंमत. बँकेचा 1800 चा नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. +91 ने सुरू होणारा साधा नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा. कागदावर, मोबाईलमध्ये नाही! कारण मोबाईलच गेला तर? नवऱ्याच्या फोनवरून आपला फोन शोधायला गूगल उघडावं, तर ते आपण आहोत याची खातरजमा करायला कोड पाठवतं त्याच हरवलेल्या फोनवर. गूगल आधीच बॅकअप कोड काढून देतं, ते छापून दुसऱ्या बॅगेत ठेवा.

आणि सोनं न्यायचंच असेल तर जाताना आपल्या विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत आणताना वाद होत नाही. मी म्हणेन, नेऊच नका. पण माझं कोण ऐकतंय.

रेल्वेवाले सापडलेलं सामान काही दिवस स्वतःकडे ठेवतात, मग पोलिसांकडे देतात. टोकियोत ते सगळं इइदाबाशीच्या पोलीस केंद्रात जमा होतं. कुदानशिताहून तोझाई लाईननं एकच स्टेशन. तीन महिने सांभाळतात. पाचव्या दिवशी तिथूनच बोलावणं आलं. खिडकीमागच्या माणसानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझी महेश्वरी काढली आणि यादी वाचत एकेक वस्तू टेबलावर मांडली. पासपोर्ट, कार्ड, तन्मणी, शेव. ज्याला सापडलं त्याला तिथल्या कायद्यानं किमतीच्या 5 ते 20 टक्के (गाडीत सापडलं तर त्याच्या निम्मे) मागता येतात, पण त्या भल्या माणसानं हक्क सोडला होता, नावही ठेवलं नव्हतं.

मी त्या खिडकीतल्या माणसालाच शेवेची पुडी देऊ केली. त्यानं कमरेत वाकून नकार दिला. गाडीत ह्यांनी ती फोडली, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, सादळलीय.