छोट्या देशाची श्रीमंती कशी तपासावी: मॉरिशसचे आकडे समोर ठेवून

मॉरिशस श्रीमंत की गरीब, याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही. चार-सहा आकडे योग्य क्रमाने मांडले, तर मात्र बरेच नेमके उत्तर हाती येते. देश आहे सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याहूनही लहान, आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्या लहान देशात एखादे चक्रीवादळ, एखादा बंद पडलेला हंगाम किंवा कागदोपत्री आलेल्या काही कंपन्या सरासरी हलवून टाकतात. मोठ्या देशांसाठी चालणारी घाई इथे चालत नाही.

आधी भाजक पक्का करा

दरडोई उत्पन्न म्हणजे साधा भागाकार. वरच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, चूक बहुधा खालच्यात असते. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे कामगार फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज ये-जा करतात. त्यांच्या कामाची किंमत देशांतर्गत उत्पादनात धरली जाते, पण ते तिथे राहत नसल्याने लोकसंख्येत मोजले जात नाहीत. भागाकार आपोआप फुगतो. आयर्लंडमध्ये वरचा आकडाच फुगला: बड्या कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता तिथे हलवल्यामुळे २०१५ साली उत्पादन सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. एका वर्षात लोकांचे पगार काही तेवढे वाढले नव्हते. म्हणून आयर्लंड आता वेगळे, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढतो.

मॉरिशसला हे दोन्ही प्रश्न आहेत. भारतात येणारी परकीय गुंतवणूक वर्षानुवर्षे राजधानी पोर्ट लुईमार्गे आली, ती १९८०च्या दशकातल्या दुहेरी करमुक्ती करारामुळे (एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर लागू नये, यासाठीचा करार). २०१६ साली तो करार बदलला, तरी परदेशी व्यवहारांसाठी नोंदलेल्या कंपन्या तिथे आहेतच. त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नाचा तक्ता उघडल्यावर पहिले काम हे करा: या कंपन्या धरून आणि वगळून, असे दोन्ही आकडे शोधा आणि वगळलेला घ्या. राहणीमानाशी त्याचाच संबंध जास्त.

दरडोई पाणी, वीज किंवा मासे असे आकडे दिसले, तर पर्यटक मिळवा. २०१९ साली सुमारे १३.८ लाख पर्यटक आले, म्हणजे रहिवाशांपेक्षा जास्त. पण हा आकडा थेट लोकसंख्येत मिळवू नका. सरासरी मुक्काम दहा-अकरा रात्रींचा धरून गुणा आणि ३६५ने भागा. कोणत्याही दिवशी बेटावर जवळपास ४० हजार पाहुणे होते, असे उत्तर येते. ही तीन टक्क्यांची भर आहे. ती विसरायची नाही आणि तिचा बाऊही करायचा नाही.

दर्जा एका वर्षात ठरवू नका

जुलै २०२०मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घेतले. त्या वेळी सीमा दरडोई वार्षिक १२,५३५ डॉलर होती आणि आधार होता २०१९च्या उत्पन्नाचा. पुढच्याच जुलैत देश खाली आला. मधल्या वर्षात महासाथीने पर्यटन थांबवले होते आणि उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी आकसले होते. पहिली बातमी वाचून ‘मॉरिशस श्रीमंत झाला’ म्हणणारा आणि दुसरी वाचून ‘बुडाला’ म्हणणारा, दोघेही चुकले. निदान पाच वर्षांची रांग घ्या.

त्यासोबत विनिमय दराचा वेगळा रकाना ठेवा. २०२०च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ३७ मॉरिशस रुपये पडत होते, २०२४मध्ये ४६च्या आसपास. तांदूळ आणि गहू जवळजवळ सगळाच बाहेरून येतो, त्यामुळे रुपया घसरला की चटका थेट स्वयंपाकघरात बसतो. सरकार पाव, रेशनचा तांदूळ आणि घरगुती गॅसच्या किमती अनुदानाने धरून ठेवते. अशा वेळी फक्त पावाची किंमत पाहून महागाई मोजली तर फसगत होते. दूधपावडर, डाळी आणि तेल यांचे भाव घ्या.

गरिबीच्या तीन रेषा

हा भाग सावकाश करण्याजोगा आहे. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

पहिली रेषा जागतिक बँकेची अतिगरिबीची. ती आधी दिवसाला २.१५ डॉलर होती, जून २०२५मध्ये ३ डॉलर झाली. हे डॉलर क्रयशक्ती समानतेने, म्हणजे त्या देशात तेवढ्या पैशांत काय विकत मिळते हे धरून, काढलेले असतात; बाजारातल्या विनिमय दराने रुपयांत बदलू नका. या रेषेखाली मॉरिशसमध्ये जवळजवळ कोणी सापडत नाही. पण ‘तिथे गरिबीच नाही’ असे त्यावरून म्हणणे म्हणजे मोठ्या वजनकाट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

दुसरी रेषा सापेक्ष आहे: मध्यक उत्पन्नाच्या (सगळे उतरत्या क्रमाने लावले तर बरोबर मधल्याच्या उत्पन्नाच्या) निम्मी. घरातले सगळे उत्पन्न थेट माणसांच्या संख्येने भागत नाहीत, कारण चार माणसांना चार चुली लागत नाहीत. अनेक देशांत चालणारी एक पद्धत अशी: पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक प्रौढ ०.५, चौदा वर्षांखालचे मूल ०.३. दोन प्रौढ आणि दोन मुले असलेले घर २.१ प्रौढांइतके धरले जाते. उदाहरणादाखल महिन्याला ३१,५०० रुपये येत असतील, तर त्या घराचे समतुल्य उत्पन्न १५,००० रुपये. मॉरिशसच्या तक्त्यात कोणता भार, म्हणजे १, ०.५, ०.३ यांसारखे कोणते आकडे, वापरला आहे, ते तळटीपेत आधी वाचा. भार बदलला की मोठ्या घरांची गरिबी लगेच बदलते. २०१७च्या कुटुंब खर्च पाहणीत या मापाने दहा टक्क्यांच्या आसपास माणसे गरीब ठरली.

ही रेषा लोकांबरोबर सरकते, हेही ध्यानात ठेवा. सगळ्यांचे उत्पन्न एकाच प्रमाणात वाढले, तर गरिबीचा टक्का तसाच राहतो.

तिसरी रेषा मदतीची. २०१६च्या कायद्याने सामाजिक नोंदवहीतल्या कुटुंबांसाठी महिन्याला प्रौढामागे २,७२० आणि मुलामागे १,३६० रुपये असा उंबरठा ठरवला. दोन प्रौढ, तीन मुले: ५,४४० अधिक ४,०८०, म्हणजे ९,५२०. कमाई ६,००० असेल तर तुटीचे ३,५२० रुपये सरकार देते. आकडे पुढे वाढवले गेले, पण रचना तीच ठेवून हिशेब करून पाहा. ९,५२० हीच कमाल मर्यादा होती. चौथे मूल झाले की खर्च वाढायचा, उंबरठा नाही. नोंदवहीतल्या कुटुंबांची संख्या म्हणजे देशातले गरीब, असे कधीच लिहू नका. त्या नोंदवहीत फक्त पात्र ठरलेले आणि अर्ज केलेले असतात.

पाहणीत कोण नाही?

कुटुंब खर्च पाहणी घरोघरी होते. कापडगिरण्या आणि बांधकामावरचे बांगलादेश, मादागास्कर किंवा भारतातून आलेले कामगार वसतिगृहांत राहतात, त्यामुळे ते अशा पाहणीत येत नाहीत. बेटावरचे सर्वांत दाटीचे राहणे मोजणीबाहेर राहते. परदेशी कामगारांचा वेगळा तक्ता शोधून तो शेजारी ठेवा.

दुसऱ्या टोकालाही भोक आहे. गिनी गुणांक (विषमतेचे माप: ० म्हणजे सगळे समान, १ म्हणजे सगळे एकाकडेच) २०१२मध्ये ०.४१४ होता, २०१७मध्ये ०.४०० झाला. पण तो उत्पन्नाचा आहे, मालमत्तेचा नव्हे. मॉरिशसमधली जुनी श्रीमंती उसाच्या जमिनीत आहे. साखरेचे दिवस फिरल्यावर त्यातल्या काही जमिनींवर परदेशी खरेदीदारांसाठी बंगले उभे राहिले. सुरुवातीला किमान किंमत होती ५ लाख डॉलर. गिनी थोडा उतरला आणि त्याच काळात किनाऱ्यालगतची जागा स्थानिक तरुणाच्या आवाक्याबाहेर गेली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता घरात शिरा

सुरुवात भिंतींपासून करा. १९६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत ॲलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळे लागोपाठ आली आणि त्यानंतर बेट हळूहळू काँक्रीटचे झाले. त्यामुळे आजही पत्र्याची घरे कुठे आहेत, हे गरिबी दाखवणारे चांगले चिन्ह आहे. पोर्ट लुईभोवतीच्या उतारांवर ती दिसतात. दुपारी आत बसवत नाही. वादळाचा इशारा तिसऱ्या श्रेणीचा झाला की कामे थांबतात. कायम नोकरीवाला घरी जातो. रोजंदारीवरच्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि वर पत्र्यावर दगड ठेवून मुलांना घेऊन निवारा केंद्र गाठावे लागते.

शाळेत शिक्षण फुकट आहे, विद्यार्थ्यांचा बसप्रवास २००५पासून फुकट आहे. तरीही ‘लेसों’ म्हणजे खासगी शिकवणीचा खर्च घराघरांत होतो, आणि तो परवडणे-न परवडणे निकालात दिसते. प्राथमिक परीक्षेचा निकाल सातत्याने ४० टक्क्यांखाली राहिलेल्या शाळांसाठी २००३मध्ये वेगळी योजना करावी लागली. अशा शाळांची यादी नकाशावर मांडा, मग तीच वस्ती पत्र्याच्या घरांच्या नकाशावर शोधा.

आरोग्यसेवा सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आयुर्मान मात्र मोफत सेवेने एकट्याने वाढत नाही: दर पाच प्रौढांत जवळपास एकाला मधुमेह आहे.

मॉरिशसचाच भाग असलेल्या रॉड्रिग्ज बेटाचा हिशेब नेहमी वेगळा करा. १०८ चौरस किलोमीटर, ४० हजारांहून थोडी जास्त वस्ती, २००२पासून स्वायत्त कारभार. तिथली गरिबी मुख्य बेटापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण लोकसंख्या एवढी कमी की राष्ट्रीय सरासरीत ती विरून जाते. शिवाय तिथली पाहणीत येणारी घरे मोजकीच असतात, म्हणून दोन पाहण्यांमधला एक-दोन टक्क्यांचा फरक बदल म्हणून मांडू नका.

शेवटी माणसांना विचारा. वाक्वा किंवा कास्काव्हेलमधल्या मराठी कुटुंबाशी ओळख असेल, तर ‘तिकडे कसं चाललंय?’ असे विचारू नका, उत्तर ‘बरं चाललंय’ असेच येते. हे विचारा: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या दिवसांत नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते? छपरावरची टाकी किती लिटरची, आणि ती नसलेले शेजारी काय करतात? मुलाला किती विषयांची शिकवणी, महिन्याला किती रुपये? घरात मधुमेहाच्या गोळ्या कोण कोण घेते? उत्तरे तारखेसह लिहा आणि तेच प्रश्न फेब्रुवारीत, पावसाच्या दिवसांत पुन्हा विचारा. पाण्याचे उत्तर तेव्हा बदललेले असेल.