शोधणाऱ्याला सापडेल असा संकेतस्थळाचा मजकूर कसा लिहावा

जालना जिल्ह्यातील एका मोसंबी रोपवाटिकेचे संकेतस्थळ सुधारून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर एवढाच मजकूर होता : ‘आमच्याकडे उत्तम दर्जाची, रोगमुक्त व खात्रीशीर रोपे रास्त दरात मिळतील. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ यात खोटे काही नव्हते. परंतु रोपवाटिकेचे नाव झाकले असते, तर हाच मजकूर नांदेडच्या गुलाबाच्या रोपवाटिकेला आणि थोड्या फेरफाराने परळीच्या एखाद्या फर्निचरच्या दुकानालाही चालला असता. गूगलसारख्या शोधयंत्रापुढे एकाच विषयाची हजारो पाने असतात आणि शोधणाऱ्याच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे पान त्याला वर आणायचे असते. कोठेही लागू पडणारे पान वर आणण्याचे त्याला काहीच कारण नसते.

गंमत अशी की, त्या रोपवाटिकेच्या मालकांना मोसंबीतले जे ठाऊक होते त्याचा दशांशही संकेतस्थळावर नव्हता. कट्ट्यावर बसून ते गिऱ्हाइकाला जे अर्धा तास समजावून सांगत, तेच लिहून काढले असते तर काम झाले असते. या लेखात सांगितलेली पद्धत त्याच कामातून हाती आली. तिला फार पैसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

प्रश्नांच्या वहीपासून सुरुवात

लिहायला बसण्यापूर्वी एक वही करावी आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक प्रत्यक्ष किंवा फोनवर जे जे विचारील, ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. रोपवाटिकेच्या वहीत पहिल्या आठवड्यात पुढील प्रश्न आले : ‘एकरी किती झाडं बसतात?’, ‘भारी काळ्या जमिनीत लावली तर चालंल का?’, ‘डिंक्या लागू नये म्हणून लावतानाच काय करावं?’ (डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग), ‘पाचशे रोपं न्यायला गाडी केवढी आणावी?’

यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. लागवडीची माहिती विद्यापीठाच्या प्रकाशनांत आणि शेतीविषयक मासिकांत मिळते; गाडी केवढी लागेल हे मात्र रोपे भरून देणाराच सांगू शकतो. अस्सल मजकूर म्हणजे आधी कोणी न लिहिलेली भाषा, असा अनेकांचा समज असतो आणि म्हणून ते शब्द सजवत बसतात. वास्तविक जी गोष्ट आपण रोज हाताळतो, मोजतो किंवा दुरुस्त करतो, ती नीट लिहिली की मजकूर आपोआप अस्सल होतो. गूगलनेही डिसेंबर २०२२ मध्ये शोधाच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या गुणवत्ता-परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ ही चौथी कसोटी घातली. हे परीक्षक कोणत्याही पानाचा क्रम थेट ठरवत नाहीत, परंतु शोधयंत्राला कोणत्या प्रकारचा मजकूर हवा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

लोक कोणते शब्द वापरतात, ते पाहावे

वहीतला प्रत्येक प्रश्न मोबाइलवर गूगलच्या शोधचौकटीत टाइप करून पाहावा. चौकटीखाली ज्या सूचना उमटतात आणि निकालाच्या पानावर संबंधित म्हणून जे प्रश्न दिसतात, त्यांवरून इतर लोक तीच गोष्ट कशी विचारतात याचा अंदाज येतो. रोपवाटिकेचा मालक ‘कलमे’ म्हणतो, शेतकरी मात्र ‘रोपे’ किंवा नुसते ‘झाडे’ असे शोधतो. कोणी ‘सीताफळ’ लिहितो, कोणी ‘शिताफळ’. असे दोन-तीन पर्याय मजकुरात ओघाने यावेत. प्रत्येक वाक्यात तोच शब्द कोंबण्याची जुनी युक्ती आता उपयोगाची राहिलेली नाही. उलट गूगलच्या नियमांनुसार ती गैरप्रकारात मोडते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या याद्या लपवून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार आहे.

मराठवाड्यात गावांच्या नावांचा प्रश्न वेगळा विचारात घ्यावा लागतो. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावे अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, परंतु बाहेरगावचे पुष्कळ लोक अजूनही सवयीने जुनी नावे टाइप करतात. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांसाठी गाडी भाड्याने देणाऱ्याने किंवा पैठणी विकणाऱ्याने मजकुरात सर्वत्र आजचे नाव वापरून, पत्त्याच्या ठिकाणी एकदाच ‘पूर्वीचे औरंगाबाद’ असा उल्लेख करावा, तेवढे पुरते.

एका पानावर एकच प्रश्न

यानंतर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम येते. सगळी माहिती एकाच लांबलचक पानावर ओतण्यापेक्षा प्रत्येक मोठ्या प्रश्नाला स्वतंत्र पान द्यावे आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगून टाकावे. कारणमीमांसा, अपवाद आणि बारकावे त्यानंतर यावेत. रोपवाटिकेच्या पानावर ‘रोगमुक्त रोपे’ असे जे दोन शब्द होते, त्यांच्या जागी आम्ही पुढील मजकूर घातला :

‘कलम लावताना डोळा भरलेला जोड (खुंटावर मोसंबीचा डोळा बसवलेली जागा) जमिनीच्या वर वीतभर राहील, असे पाहावे. जोड मातीत गाडला गेला आणि बुंध्याशी पाणी साचून राहिले, तर डिंक्या लागण्याचा धोका वाढतो. ठिबकाच्या तोट्या बुंध्याला चिकटून ठेवू नयेत. रोपे नेताना प्रत्येक कलमावरचा जोड आम्ही रंगाने खूण करून देतो, म्हणजे लावणाऱ्या मजुरालाही तो ओळखता येतो.’

रंगाच्या खुणेचे शेवटचे वाक्य दुसऱ्या कोणाच्या पानावर असण्याचा संभव नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने विश्वास ठेवण्याजोगे वाक्यही तेच आहे. ‘एकरी किती झाडं बसतात’ या प्रश्नालाही असेच नेमके उत्तर देता आले : ६ मीटर बाय ६ मीटर अंतरावर एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा लागते आणि एकराचे सुमारे ४,०४७ चौरस मीटर होतात, म्हणून साधारण ११२ झाडे बसतात; बांध आणि गाडीवाट सोडली तर १०० ते १०५ धरावीत. आकडा कसा आला ते दाखवले की वाचणारा स्वतःच्या जमिनीचा हिशेब स्वतः करतो.

मजकूर किती शब्दांचा असावा, असे मला नेहमी विचारले जाते. गूगलने अशी कोणतीही शब्दसंख्या ठरवून दिलेली नाही. प्रश्नाचे उत्तर दीडशे शब्दांत संपत असेल, तर ते तेथेच थांबवावे.

उसना मजकूर

दुसऱ्याचा मजकूर उतरवून घेण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. बीड जिल्ह्यातील एका ठिबक-साहित्याच्या दुकानासाठी पान तयार करताना मी एका उत्पादकाच्या माहितीपत्रकातील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. तीन महिने उलटले तरी ते पान शोधात दिसेना. पान पाहिले आहे पण सूचीत (म्हणजे शोधात दाखवण्यासाठी गूगलने ठेवलेल्या पानांच्या नोंदीत) घेतलेले नाही, अशा अर्थाचा शेरा सर्च कन्सोल या गूगलच्या सोयीत, जिथे आपली पाने गूगलला कशी दिसतात ते कळते, तेवढा येत राहिला. त्याचे कारण मला उशिरा उमगले. तोच मजकूर इतर अनेक दुकानदारांनीही उतरवून घेतलेला होता. एकसारखी पाने आढळली की गूगल त्यांतले एक मूळ मानून दाखवते आणि बाकीची बहुधा बाजूला ठेवते. त्याला शिक्षा म्हणता येत नाही, पण दुकानदाराच्या दृष्टीने परिणाम तोच. पुढे तो मजकूर काढून टाकून, बोअरच्या जड पाण्यातील क्षारांमुळे ड्रिपर कसे बुजतात, आम्ल-प्रक्रिया केव्हा करावी आणि विहिरीच्या गढूळ पाण्यासाठी कोणती गाळणी घ्यावी, हे दुकानदाराच्या तोंडून ऐकून लिहिले, तेव्हा ते पान सूचीत आले.

उथळ आणि नकललेल्या पानांना मागे सारण्याचा मोठा प्रयत्न गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदलातून केला. मार्च २०२४ मध्ये त्याने आपले नियम आणखी कडक केले आणि केवळ क्रम वर आणण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेली पाने, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने, गैरप्रकारात धरली जातील असे जाहीर केले. यंत्राची मदत घेणेच निषिद्ध आहे, असा याचा अर्थ होत नाही. शुद्धलेखन तपासण्यासाठी किंवा विस्कळीत टिपणाला क्रम लावण्यासाठी ती जरूर घ्यावी. परंतु ज्या यंत्राने जालना जिल्ह्यातील अंबडची माती कधी पाहिली नाही, त्याला त्या मातीविषयी चार परिच्छेद लिहायला सांगितले, तर पुन्हा ‘उत्तम दर्जाची, खात्रीशीर रोपे’ हेच हाती येते. छायाचित्रांचेही तसेच. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत संत्र्या-मोसंबीच्या चित्रांपेक्षा आपल्या शेडनेटमधील कलमांचा मोबाइलवर काढलेला फोटो अधिक कामाचा असतो.

अक्षरे खरोखर मराठी आहेत ना?

मराठीत लिहिणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते आणि इंग्रजीतील मार्गदर्शनात याचा उल्लेखही नसतो. आपल्याकडची बहुतेक जुनी पत्रके डीटीपीच्या दुकानात कृती देव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये तयार झालेली असतात. त्यांतील अक्षरे डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची माळ असते. त्यामुळे ‘मोसंबी’ हा शब्द त्या पानावर शंभर वेळा आला तरी शोधयंत्राला तो एकदाही दिसत नाही. परीक्षा सोपी आहे. पानावरील एखादे वाक्य उचलून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवावे. ते जसेच्या तसे मराठीत उमटले, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आहे. अगम्य रोमन अक्षरे उमटली, तर तो फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणून घ्यावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत परिवर्तक हमखास चुका करतात.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे दरपत्रक किंवा माहितीपत्रक चित्राच्या रूपात चढवणे. सणावाराच्या शुभेच्छांना ते ठीक आहे. दर, पत्ता, वेळ आणि वाणांची नावे मात्र टाइप केलेल्या अक्षरांतच असली पाहिजेत. चित्र ठेवायचेच असेल, तर त्यासोबत ‘डोळा भरलेले मोसंबीचे कलम, जोडावर लाल रंगाची खूण’ असे साधे पर्यायी वर्णन जोडावे.

शीर्षक आणि इतर किरकोळ कामे

पानाचे शीर्षक शोधाच्या निकालात ठळक दिसते, म्हणून ते ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘स्वागत आहे’ असे ठेवणे म्हणजे दुकानाची पाटी कोरी ठेवण्यासारखे आहे. ‘मोसंबीची कलमे : खुंट, लागवडीचे अंतर आणि दर, जालना’ असे शीर्षक पुरेसे बोलके होते. फार लांब शीर्षक निकालात मध्येच कापले जाते. पानाच्या वर्णनासाठी दोन वाक्ये वेगळी लिहावीत. त्यांनी क्रम वर जात नाही, परंतु निकालात ती दिसली तर माणूस त्यांवरून ठरवतो की उघडावे की नाही. ‘कीवर्ड’ नावाचा जो रकाना अजूनही काही जण पैसे घेऊन भरून देतात, तो वेबशोधातील क्रम लावताना आपण पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकले आहे.

एका पानावरून दुसऱ्या संबंधित पानाकडे दुवे द्यावेत आणि दुव्यावर ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता ‘डिंक्या टाळण्यासाठी लागवड कशी करावी’ असे लिहावे. मजकूर कोणी लिहिला आणि केव्हा सुधारला, तेही पानावर नोंदवावे. फोटो चढवण्यापूर्वी त्यांचा आकार कमी करावा, कारण मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो तालुक्याच्या गावी उघडेपर्यंत वाचणारा निघून जातो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे.

पान चढवल्यानंतर

सर्च कन्सोल ही गूगलची विनामूल्य सोय आहे. तीत आपल्या संकेतस्थळाची मालकी सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी, द्यावा आणि नव्या पानासाठी सूचीत घेण्याची विनंती करावी. त्यानंतर मात्र वाट पाहावी लागते. बदलाचा परिणाम काही तासांत दिसू शकतो, तसाच काही महिन्यांनीही. ‘आठ दिवसांत पहिल्या क्रमांकावर’ अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण तशी हमी देणे कोणाच्याही हातात नाही.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमधील कामगिरीचा अहवाल उघडून, कोणत्या प्रश्नांवर आपले पान लोकांना दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे पाहावे. दिसले पुष्कळांना पण उघडले कोणीच नाही, असे जे प्रश्न असतील तेथे पुढचे काम दडलेले असते. रोपवाटिकेच्या अहवालात ‘आंबे बहाराला पाणी किती दिवस तोडावे’ (आंबे बहार म्हणजे मोसंबीचा एक फुलोरा; तो यावा म्हणून पाणी तोडून झाडाला ताण देतात) हा प्रश्न असाच वारंवार येत होता, आणि संकेतस्थळावर त्याचे उत्तर एका ओळीतही नव्हते. मालकांनी हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत ताण कसा कमी-जास्त द्यावा लागतो आणि पाने कितपत पिवळी पडली म्हणजे ताण पुरे झाला असे समजावे, ते फोटोंसह सांगितले. ताणाची वेळ डिसेंबरच्या आसपास येते आणि नवे पान शोधात रुळायला काही आठवडे जातात, असा हिशेब करून आम्ही ते पान दसऱ्यालाच चढवले.